पडलेला बॅच जॉब पुन्हा लावण्यापूर्वी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरून मेनफ्रेम या मोठ्या संगणकाची रात्रपाळी करणाऱ्या आमच्या गटात कोणी नवा आला, की मी त्याला सर्वप्रथम कॉन्ड हे पॅरामीटर मोठ्याने वाचायला सांगतो, कारण जेसीएलमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या बॅच जॉबच्या स्टेप (पायऱ्या) क्रमाने सांगणाऱ्या आज्ञांच्या भाषेत, सर्वाधिक फसगत तिथेच होते. कॉन्ड=(४,एलटी,स्टेप१०) ही स्टेप चालवण्याची अट नसून वगळण्याची अट आहे. शिवाय तुलनेत आपण लिहिलेला आकडा डावीकडे असतो. म्हणजे ४ हा आकडा स्टेप१०च्या रिटर्न कोडहून (स्टेप संपताना देते त्या निकालाच्या आकड्याहून; ० म्हणजे सर्व ठीक) लहान असेल, अर्थात तो कोड ८, १२ किंवा १६ आला असेल, तर ही स्टेप चालत नाही. नवा जॉब लिहिताना इफ-देन-एल्स वापरावे, कारण त्यातली अट सरळ वाचता येते; परंतु जुने जॉब कॉन्डनेच भरलेले असल्यामुळे ही उलटी वाचणी टळत नाही.

एखादी स्टेप अबेंड झाली, म्हणजे मध्येच कोसळली, की पुढच्या स्टेप एरवी आपोआप वगळल्या जातात. अबेंडनंतरही जी चालायला हवी तिला कॉन्ड=ईव्हन द्यावे आणि जी केवळ अबेंड झाल्यावरच चालायला हवी तिला कॉन्ड=ओन्ली द्यावे.

जॉब पडल्यावर आधी लॉगमध्ये कारण पाहावे. एस०सी७ असेल तर आकड्याच्या जागी चुकीचा डेटा आलेला असतो आणि तो दुरुस्त केल्याविना जॉब पुन्हा लावला तर तो तिथेच पडतो. एसबी३७ असेल तर जागा वाढवावी लागते.

त्यानंतर अर्धवट राहिलेले काय आहे हे तपासावे. माझ्या मते खरे काम हेच. फाइलचे काय करायचे हे सांगणाऱ्या डिस्प या पॅरामीटरमधल्या न्यू,कॅटलॉग,डिलीट यांतले तिसरे पद केवळ अबेंडला लागू होते, त्यामुळे स्टेप १२ कोड देऊन संपली तर तिची अपुरी फाइलही कॅटलॉगमध्ये (फाइलींच्या नोंदवहीत) राहते आणि ती आधी काढावी लागते. डिस्प=मॉड असलेल्या फाइलमध्ये तेच रेकॉर्ड दुसऱ्यांदा जोडले जातात. तात्पुरत्या फाइली जॉबबरोबरच नाहीशा झालेल्या असतात, म्हणून त्या जिथे तयार होतात तिथूनच सुरुवात करावी. स्टेप१०ने जीडीजीची, म्हणजे एकाच नावाखाली क्रमाने ठेवलेल्या फाइलींची, +१ ही नवी पिढी तयार केली असून स्टेप३० पडली असेल, तर पुन्हा लावताना तीच पिढी ०, म्हणजे सध्याची, झालेली असते. तेव्हा स्टेप३०मधल्या वाचनाच्या डीडीवर (फाइल सांगणाऱ्या ओळीवर) +१ ऐवजी ० लिहावे. प्रोग्राम मध्येमध्ये कमिट करत, म्हणजे तोवरचे बदल कायम करत, असेल, तर तो कुठपर्यंत पोहोचला होता हे ठरवल्याशिवाय त्याला हात लावू नये. अन्यथा एकाच खात्यावर व्याज दोनदा जमा होईल.

मग जॉब कार्डावर (जेसीएलच्या सुरुवातीच्या जॉब ओळीवर) रीस्टार्ट=स्टेप३० लिहावे; स्टेप प्रोकमधली (तयार ठेवलेल्या स्टेपच्या संचातली) असेल, तर प्रोक बोलावणाऱ्या स्टेपचे नाव, टिंब आणि प्रोकमधल्या स्टेपचे नाव असे द्यावे. आधीच्या स्टेप या खेपेस चाललेल्याच नसल्यामुळे त्यांची नावे असलेल्या कॉन्डच्या अटी दुर्लक्षित होतात आणि वगळली जायला हवी ती स्टेपही चालू शकते. म्हणून पुढच्या प्रत्येक स्टेपचा कॉन्ड पुन्हा वाचावा. टिपरन=स्कॅन लावून वाक्यरचना तपासून घ्यावी आणि तो काढूनच जॉब लावावा.

जॉब नीट संपल्यावर जेसीएल लगेच पूर्ववत करावे. एकदा मी रीस्टार्ट आणि ते ० दोन्ही तसेच ठेवले. दुसऱ्या रात्री जॉब स्टेप३०पासून सुरू झाला, आदल्या दिवसाचीच फाइल वाचली, आणि रिटर्न कोड ० देऊन संपला.