सातपुड्यातील बदल उपग्रह प्रतिमांवरून कसा तपासावा

शहाद्याहून तोरणमाळकडे जाणाऱ्या माणसाला नोव्हेंबरात आणि एप्रिलात एकच डोंगर दोन निरनिराळ्या मुलखांतला वाटतो. नोव्हेंबरात साग, सालई, धावडा हिरवेगार असतात. एप्रिलात त्याच उतारावर काळा बसाल्ट आणि काटक्या उरतात. उपग्रहालाही नेमके हेच दिसते. म्हणून दोन प्रतिमा उतरवून घेऊन एकीतून दुसरी वजा करणाऱ्या नवख्या अभ्यासकाच्या हाती बहुधा ‘अर्धे जंगल गेले’ असा निष्कर्ष येतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. डोंगराळ प्रदेशात पहिल्या वजाबाकीत दिसणाऱ्या बदलापैकी बराच भाग ऋतूचा, सावलीचा किंवा दोन प्रतिमा एकमेकींवर नीट न बसल्याचा असतो. तो बाजूला काढणे हेच या कामातले मुख्य काम आहे. भूगोलाचे विद्यार्थी आणि वनहक्क समित्यांत काम करणारे तरुण यांना डोळ्यांपुढे ठेवून त्याची पद्धत येथे मांडली आहे.

प्रथम प्रश्न आणि क्षेत्र ठरवावे. ‘सातपुड्यातील बदल’ हा प्रश्न नव्हे. ‘सुकी नदीच्या पाणलोटात गेल्या पंचवीस वर्षांत झाडोऱ्याचे आच्छादन कोठे घटले आणि कोठे वाढले’ हा प्रश्न आहे. क्षेत्रासाठी तालुक्याची हद्द घेऊ नये. यावल किंवा रावेर तालुक्यात उत्तरेला सातपुड्याचे वन आहे आणि पायथ्याला केळीच्या बारमाही हिरव्या बागा आहेत. संपूर्ण तालुक्याची सरासरी काढली, तर केळी वनाची घट झाकून टाकते. त्याऐवजी उंचीच्या प्रारूपावरून, म्हणजे डीईएमवरून, पाणलोटाची सीमा काढावी आणि पायथ्याचा बागायती पट्टा वेगळा ठेवावा.

प्रतिमांची निवड फारशी अवघड नाही. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये सुटला आणि २००८ पासून या मालिकेच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात, त्यामुळे जुन्या काळासाठी तिला पर्याय नाही. १९८० च्या दशकापासून तिच्या प्रतिमांतला एक पिक्सेल, म्हणजे प्रतिमा ज्या चौकोनांची बनते त्यांतला एक चौकोन, ३० मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रह-मालिकेच्या प्रतिमा २०१५ नंतरच्या असून तिचा लहानात लहान पिक्सेल १० मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा भरतो. शेतकऱ्याला विभेदनक्षमता, म्हणजे प्रतिमेत किती बारीक तपशील दिसतो ते, समजावून सांगण्यास याहून सोपी तुलना मला सापडलेली नाही. आपल्याकडील रिसोर्ससॅट उपग्रहांच्या लिस-३ आणि लिस-४ या संवेदकांच्या प्रतिमाही उपयोगी पडतात. लँडसॅट-७ च्या मे २००३ नंतरच्या प्रतिमांत मात्र यंत्रातील बिघाडामुळे तिरपे रिकामे पट्टे आहेत. अगदी नाइलाज असेल तरच त्या घ्याव्यात.

आता ऋतूचा विचार. खान्देशात जून ते सप्टेंबर ढगांमुळे स्वच्छ प्रतिमा क्वचितच मिळते. पाऊस सरल्यावर आकाश निवळते आणि पाने अजून झाडांवर असतात, म्हणून वनाच्छादनासाठी ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरची सुरुवात हा काळ चांगला. भारतीय वन सर्वेक्षण विभागही प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबरमधील प्रतिमा वापरतो. परंतु या काळात उतारावरची उशिराची पिके, गवत आणि झाडोरा सगळेच हिरवे असते. त्यासाठी त्याच वर्षातील मार्च-एप्रिलची दुसरी प्रतिमा जोडीला घ्यावी. नोव्हेंबरात हिरवे आणि एप्रिलात उघडे असेल, तर ते पानगळीचे वन, गवत किंवा कोरडवाहू शेत. दोन्ही वेळा हिरवे असेल, तर ओलिताखालची बाग, नदीकाठची झाडी किंवा सदाहरित झाडे. तुलना मात्र नेहमी नोव्हेंबरची नोव्हेंबरशी आणि एप्रिलची एप्रिलशीच करावी. एका वर्षावरही विसंबू नये. २०१८ मध्ये पावसाने ओढ दिली आणि राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत खान्देशातले तालुकेही होते. ते वर्ष अखेरचे टोक म्हणून घेतले, तर डोंगर ओसाड झाल्याचा भास होईल. दोन्ही टोकांना तीन-तीन वर्षांच्या प्रतिमा घेऊन प्रत्येक पिक्सेलचा मध्यांक काढल्यास हा दोष बराच कमी होतो.

वणव्याचाही हिशेब वेगळा ठेवावा. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची रीत आहे, आणि ती आग कधी कधी उतारभर पसरते. मार्चमध्ये काळा दिसणारा असा उतार पावसानंतर पुन्हा हिरवा होतो. तो ‘गेलेले वन’ या रकान्यात जाता कामा नये.

सावलीचा प्रश्न मैदानात जवळजवळ नसतो आणि डोंगरात सर्वांत आधी उभा राहतो. हे उपग्रह आपल्याकडून सकाळी साधारण दहा-साडेदहाच्या सुमारास जातात. डिसेंबरात सूर्य तेव्हा आग्नेयेला आणि खाली असतो. सातपुड्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून केवळ ४५ अंश वर येतो. त्यामुळे अक्राणीतल्या खोल दऱ्यांचे वायव्येकडील उतार काळवंडतात, आणि मेअखेरीस सूर्य जवळजवळ डोक्यावर आला की तेच उतार उजळतात. झाडे तीच असतात. पिक्सेलचा आकडा तेवढा बदलतो. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे दोन्ही काळांसाठी शक्यतो एकाच पंधरवड्यातील प्रतिमा घेणे. दुसरा म्हणजे डीईएमवरून प्रत्येक पिक्सेलचा उतार व उताराची दिशा काढून, प्रतिमेच्या माहिती-फाइलमधील सूर्याच्या स्थितीशी त्यांचा मेळ घालून प्रकाशमान दुरुस्त करणे. क्यूजीआयएस या विनामूल्य नकाशा-सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या ग्रास प्रणालीत यासाठी साधन आहे. त्यात निव्वळ कोसाइन पद्धत निवडू नये, कारण अंधाऱ्या उतारांना ती वाजवीपेक्षा जास्त उजळवते. त्यातलीच ‘सी-करेक्शन’ ही दुसरी पद्धत अधिक भरवशाची आहे. गडद सावलीत गेलेल्या भागात मात्र दुरुस्त करण्याजोगे काही उरतच नाही. तो भाग वगळावा आणि नकाशावर राखाडी दाखवावा.

सावली आणि पाणी हा याच दुखण्याचा दुसरा भाग. दोन्ही काळी दिसतात. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि नर्मदेचे पाणी अक्राणी व अक्कलकुव्याच्या दऱ्यांत आत शिरले; २००० च्या आणि आताच्या प्रतिमा शेजारी ठेवल्यास हा बदल उघड्या डोळ्यांनी दिसतो. परंतु संगणकाकडून पाण्याचे क्षेत्र मोजून घेतले, तर आसपासच्या सावल्याही त्यात धरल्या जातात. पाणी सपाटच राहणार, म्हणून जलाशयाच्या पातळीहून वर किंवा तीव्र उतारावर दिसणारे ‘पाणी’ डीईएमच्या आधारे गाळून टाकावे. काठालगत मात्र हात आखडता घ्यावा, कारण विनामूल्य मिळणाऱ्या डीईएममधील उंचीची चूक काही मीटरांची असू शकते.

पावसाळ्यातलाच बदल हवा असेल, तर सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाकडे वळावे लागते, कारण त्याच्या लहरी ढगांतून पार होतात. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात दरड कोसळली, तसा प्रसंग अभ्यासायचा तर ऐन पावसाळ्यात दुसरे साधन नसते. रडार तिरपे पाहते, त्यामुळे त्याच्याकडे तोंड केलेले उतार आखूड होतात आणि कडे एकमेकांवर कोसळल्यासारखे दिसतात; म्हणून आधीची आणि नंतरची प्रतिमा एकाच मार्गावरून, एकाच दिशेने घेतलेली असावी. अरुंद घाटातली लहान दरड तरीही सुटू शकते.

प्रत्यक्ष गणित सोपे आहे. उपग्रह लाल, हिरवा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असा प्रत्येक प्रकाश वेगळ्या पट्ट्यात नोंदवतो. एनडीव्हीआय हा वनस्पती निर्देशांक काढण्यासाठी समीप अवरक्त पट्ट्याच्या किमतीतून लाल पट्ट्याची किंमत वजा करून आलेल्या संख्येला त्या दोहोंच्या बेरजेने भागतात. अडचण पट्ट्यांच्या क्रमांकांत आहे. लँडसॅट-५ मध्ये अवरक्त पट्टा चौथा व लाल तिसरा; लँडसॅट-८ मध्ये अवरक्त पाचवा व लाल चौथा. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा जुनेच सूत्र नव्या प्रतिमेला लावले आणि यावलचे सबंध अभयारण्य उजाड झाल्याचा नकाशा छापून मोकळा झालो. लाल आणि हिरव्या पट्ट्यांचीच वजाबाकी झाली आहे, हे दोन दिवसांनी ध्यानात आले. दुसरा सापळा सेंटिनेल-२ चा. २५ जानेवारी २०२२ पासून त्याच्या आकड्यांत १००० (म्हणजे परावर्तकतेचे ०.१०) मिळवलेले असतात, ते आधी वजा करावे लागतात. लाल पट्ट्याची परावर्तकता, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी परत फिरलेला भाग, ०.०५ आणि अवरक्ताची ०.३० असेल, तर निर्देशांक ०.७१ येतो, ती वजाबाकी विसरल्यास त्याच झाडांचा निर्देशांक ०.४५ भरतो. एवढ्या फरकावर कोणीही वृक्षतोडीचा आरोप करील. उपग्रह प्रतिमांवर ऑनलाइन काम करण्याच्या गूगल अर्थ इंजिन या सेवेवर ‘हार्मोनाइज्ड’ असे नाव असलेला संग्रह घेतल्यास ही दुरुस्ती झालेली मिळते.

दोन काळांच्या निर्देशांकांची वजाबाकी झाल्यावर किती फरकाला ‘बदल’ म्हणावे, हा प्रश्न येतो. तयार आकडा उचलू नये. ज्यांत बदल झालेला नाही याची खात्री आहे, अशा जागा निवडाव्यात: उघडा कातळ, जुने दाट वन, डोंगरमाथ्याचे पठार. तेथे आलेल्या फरकाचे प्रमाण विचलन, म्हणजे तो सरासरीभोवती किती पसरतो त्याचे माप, काढावे. त्याच्या दुपटीपलीकडे जे जाईल तेवढेच विचारात घ्यावे. शिवाय सगळ्या धारांच्या एकाच बाजूला बारीक रेघेसारखा बदल दिसला, तर प्रतिमा एका पिक्सेलने सरकलेली आहे असे समजावे. कुऱ्हाड इतक्या नियमाने चालत नाही.

यानंतर जागेवर जावे. अनियत पद्धतीने निवडलेले बिंदू मोबाइलमध्ये घ्यावेत, काही बदल झालेल्या भागातले आणि काही न झालेल्या भागातले. दरीत जीपीएसची चूक वाढते, म्हणून बिंदू एकसारख्या तुकड्याच्या मध्यावर असावा. धडगावकडच्या एका पाड्याभोवती मला नकाशावर एप्रिलातले हिरवे ठिपके वाढलेले दिसत होते आणि मी त्यांना वनाची वाढ समजत होतो. तेथे पोहोचलो तेव्हा अंगणात कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या होत्या, कडेच्या तपकिरी झालेल्या, मधल्या अजून पांढऱ्या. ते ठिपके म्हणजे बांधावरचे आंबे होते. घरातल्या म्हाताऱ्या काकांनी ती झाडे कोणत्या साली लावली ते सांगितले आणि दरसाल आमचूर किती होते तेही. आंबा एप्रिलात पाने टाकत नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते.

क्षेत्रफळ सांगताना अचूकताही सांगावी. दोन काळांची दोन वर्गीकरणे, म्हणजे प्रत्येक पिक्सेल वन की शेत की पाणी हे ठरवलेले नकाशे, प्रत्येकी ८५ टक्के बरोबर असतील आणि त्यांच्या चुका परस्परांशी निगडित नसतील, तर दोन्ही बरोबर असण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांवर येते. म्हणून पिक्सेल नुसते मोजून हेक्टर जाहीर करू नयेत. जागेवर तपासलेल्या बिंदूंच्या आधारे क्षेत्र दुरुस्त करून त्याची कमाल व किमान मर्यादा द्यावी.

वनहक्क दाव्यांच्या कामात हे विशेष जपावे लागते. तेथे १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पाहिला जातो, आणि त्या काळच्या लँडसॅट प्रतिमेत एक एकराचे खाचर जेमतेम साडेचार पिक्सेलांचे असते. त्यात मोहाची दोन मोठी झाडे राखलेली असली, तर ते शेत वनासारखे दिसू शकते. उपग्रह प्रतिमा इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरता येईल, त्याच्या जागी नव्हे, असे वनहक्क कायद्याच्या २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांतच म्हटले आहे. ग्रामसभेपुढे नकाशा ठेवताना त्यावर प्रतिमेची तारीख, उपग्रहाचे नाव, पिक्सेलचा आकार गुंठ्यांत आणि सावलीमुळे वगळलेल्या राखाडी भागाचे क्षेत्र ठळक अक्षरांत लिहावे.