अंगणवाडीत मुलं तपासायला जाण्याआधी

दिवस ठरवताना आधी कापसाची वेचणी बघा. त्या दिवसांत आई सकाळीच वावरात जाते, मूल आजीपाशी राहतं. मग बाळंतपणाची हकिगत आणि घरातले आजार सांगणार कोण? आशाताईंना निरोप द्या, आई सोबत हवी आणि लसीकरणाचं कार्डही.

पिशवीत वजनकाटा, दंडाचा घेर मोजायची पट्टी, डोक्याच्या घेरासाठी न ताणणारा टेप, मिलिमीटरची पारदर्शक पट्टी, टॉर्च, स्टेथोस्कोप आणि कापूस. जागा खिडकीपाशी धरा, कारण अपुऱ्या उजेडात फिकट चट्टा सुटतो. साडीचा आडोसा करून कपडे काढा, ओल्या कापसाने काजळ-तीट पुसा, करदोडा वर सरकवा. कपाळावरचा डाग तिटेखालीच दडतो. तिथं आणि वरच्या पापणीवर सपाट, लालजांभळा डाग असेल तर झटके येतात का विचारा आणि डोळ्यांचा दाब मोजायला पाठवा.

दुधाच्या चहासारख्या रंगाचे डाग नुसते ‘आहेत’ असं लिहू नका, मोजा. वयात येण्याआधी ५ मिमीपेक्षा मोठे ६ किंवा जास्त असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा (नसांवर गाठी येणारा जनुकीय आजार) संशय धरा. जन्मापासूनचे पांढरट चट्टे ३ किंवा अधिक आणि सोबत झटके असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिसचा (मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी होणारा जनुकीय आजार). ढुंगणावरचा निळसर डाग निरुपद्रवी. तरी जागा आणि माप कार्डावर लिहा, नाहीतर पुढं कुणी तो मार समजेल. मणक्यावर मधोमध केसांचा झुपका दिसला तर मात्र पाठवाच, आत मणक्याचा दोष दडलेला असू शकतो. मेळघाटात पोटावर गोल व्रण दिसले तर डंबा दिलाय का (पोटदुखीवर तापल्या लोखंडाने डागलंय का), हे न रागावता विचारा.

तळहातावरची एकच आडवी रेघ धडधाकट माणसांतही सापडते. तेवढ्यावर डाऊन सिंड्रोम लिहिणं घाईचं. वर चढलेले डोळ्यांचे कोपरे, बसकं नाक, पायाच्या अंगठ्याशेजारची फट, ढिलं अंग, हे सगळं मिळून बघा. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि थायरॉइडच्या तपासणीची चिठ्ठी द्या. ओसरीवरच्या गर्दीत आजाराचं नाव काढू नका. ग्रहण पाळलं नाही म्हणून आईलाच बोल लागतो.

गडचिरोली-चंद्रपूरकडे फिकट चट्टा दिसला की ‘जंत झाले’ म्हणून सोडू नका, कुष्ठरोगाचा संशय धरा. कापसाची वात आधी डोळे उघडे ठेवून दाखवा, मग डोळे मिटून चट्ट्यावर लावा आणि स्पर्श जाणवला तिथं बोट ठेवायला सांगा. लहानग्यांचं उत्तर भरवशाचं नसतं, शंका असेल तर वरच्या दवाखान्यात पाठवा. खरजेला ५ टक्के परमेथ्रिन मलम घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री, आठवड्याने पुन्हा. एकट्या मुलाला लावलं की खरूज घरातूनच परत येते.