पॉइंटरांचा अ‍ॅरे आणि लिंक्ड लिस्ट: सी भाषेतील मेमरीच्या चुका कशा शोधाव्यात

सी भाषेत हॅश टेबल (किल्लीवरून माहिती पटकन शोधून देणारी रचना) लिहिताना आपण पॉइंटरांचा, म्हणजे मेमरीतील पत्त्यांचा, अ‍ॅरे घेतो आणि त्याच्या प्रत्येक घरापासून एक लिंक्ड लिस्ट, म्हणजे पुढच्या नोडचा पत्ता बाळगणाऱ्या नोडांची साखळी, सुरू करतो. असा प्रोग्रॅम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावल्याची त्रुटी) देऊन ज्या ओळीवर थांबतो, तिथे मूळ चूक बहुधा नसते. ती आधीच होऊन गेलेली असते. म्हणून तपास अ‍ॅरे तयार होतो त्या ओळीपासून सुरू करावा.

मेमरीत जागा मागण्याच्या मॅलॉक या फंक्शनने दिलेली जागा कोरी असेलच असे नाही. १०१ घरांचा अ‍ॅरे घेऊन त्यात नल (कुठलाच पत्ता नसल्याची खूण) भरले नाही, तर पहिलाच शोध तिथल्या कचऱ्याला नोडचा पत्ता समजतो. जागा शून्यांनी भरून देणारे कॅलॉक वापरावे किंवा लूप लावून प्रत्येक घरात नल भरावे. नोडसाठी जागा मागताना आकार सांगणाऱ्या साइझऑफला पॉइंटर देऊ नये, नोडचा स्ट्रक्चर द्यावा. ६४ बिटांच्या संगणकावर पॉइंटर सहसा ८ बाइटांचा असतो. २४ बाइटांच्या नोडसाठी तेवढीच जागा घेतली, तर उरलेले १६ बाइट हद्दीबाहेर लिहिले जातात आणि प्रोग्रॅम कदाचित बराच वेळ सुरळीत चाललेला दिसतो.

सर्वाधिक काळजी नोड मोकळा करताना घ्यावी. फ्री फंक्शनने जागा परत केल्यानंतर त्याच नोडमधून पुढचा पत्ता वाचणे ही चूक आहे, मग उत्तर बरोबर येत असले तरीही. पुढचा पत्ता आधी वेगळ्या चलात ठेवावा आणि मगच फ्री करावे. साखळीतील पहिला नोड काढला असेल, तर अ‍ॅरेतील घरही बदलावे लागते, अन्यथा तिथे मोकळ्या केलेल्या जागेचा पत्ता राहतो. किल्ली म्हणून ठेवलेली स्ट्रिंग कोणाच्या मालकीची, हेही आधीच ठरवावे. माझा आग्रह असा की टेबलाने तिची स्वतःची प्रत ठेवावी आणि नोडबरोबर तीही मोकळी करावी.

यानंतर डीबग माहितीसह, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) चालू ठेवून प्रोग्रॅम कंपाइल करावा. मोकळी केलेली जागा वापरली गेल्यास ती कुठे घेतली, कुठे सोडली आणि कुठे वापरली, या तिन्ही ओळी तो दाखवतो. नल न भरलेले घर मात्र त्याला ओळखता येत नाही. त्यासाठी सॅनिटायझरशिवाय पुन्हा कंपाइल करून प्रोग्रॅम व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली चालवावा.