मीटरने मला दोन महिने फसवलं

आमचा सहाचाकी ट्रक लातूरहून सोलापूरला डाळ वाहतो. वडिलांच्या वेळची गाडी, ॲव्हरेज कसंबसं लिटरला ३.४ किलोमीटर. इंजिन दमलंच होतं, म्हणून त्याच कंपनीचं टर्बोवालं बसवलं. आधी आरटीओची परवानगी काढली, नंतर आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घेतला. यात आळस केला की चेकिंगला गाडी उभीच राहते. गिअरबॉक्सचे बेअरिंग आणि क्लच प्लेटही बदलली.

खरा फरक मात्र मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये होता. जुनं क्राऊन-पिनियन, म्हणजे इंजिनाची फिरकी चाकांना देणारी दातेरी जोडी, ४१/६ दातांचं. टॉप गिअरला ताशी ६० वर इंजिन मिनिटाला २१०० फेऱ्यांच्या आसपास ओरडायचं. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, ४१/७ टाका." टाकलं. आता तेवढ्याच वेगाला १८००. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीनं चढताना एक गिअर आधीच उतरवावा लागतो, तेवढं चालतं.

पण ॲव्हरेज काढलं तर ३.८! एवढा खर्च करून? घरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

मग एकदा मैलाच्या दगडांवरून अंतर मोजलं. ७० किलोमीटर गेलो, मीटर म्हणे ६०. मीटरची केबल गिअरबॉक्सवरून चालते. नव्या दातांमुळे गिअरबॉक्सच्या त्याच फेऱ्यांत चाकं जास्त पळतात, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! ३.८ ला ७ नं गुणून ६ नं भागलं: ४.४. वेगाचा काटाही तसाच कमी दाखवतो, म्हणून ड्रायव्हरला बजावलंय, काटा ५० वर म्हणजे खरे ५८. केबलचा गिअर बदलायचा अजून राहिलाय.