गुहेत किंवा खाणीत डायव्हिंग करताय? या चुका टाळा

तारकर्लीला स्कूबा शिकलात, ओपन वॉटरचं, म्हणजे उघड्या पाण्यातल्या डायव्हिंगचं, कार्ड हातात आलं, आता परदेशात एखादी गुहा बघू, असं मनात येतं. पहिली चूक इथेच होते. समुद्रात काही बिघडलं तर वर येता येतं. गुहेत वर दगड असतो. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात. फ्लोरिडातल्या झऱ्यांच्या गुहांत जीव गेलेल्यांमध्ये समुद्रात इतरांना शिकवणारे प्रशिक्षकही आहेत. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 2018 साली मुलं अडकली तेव्हा नौदलाची माणसं हजर होती, पाणी उपसायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही गेले होते. पण मुलांपर्यंत आधी पोहोचले ते ब्रिटनचे हौशी गुहा-डायव्हर. त्यांना गुहेची सवय होती.

दुसरी चूक हिशेबाची. निम्मी हवा जायला, निम्मी यायला, असं धरू नका. टाकीत 210 बार (हवेच्या दाबाचं माप) असतील तर 70 संपताच मागे फिरा, 70 परतीला आणि उरलेले 70 जोडीदाराच्या अडचणीसाठी. हेही वाहत्या झऱ्यात पुरतं, कारण परतताना प्रवाह तुम्हाला बाहेर ढकलतो. पाणी आत ओढलं जात असेल तर परतीला जास्त हवा लागते, म्हणून तिसऱ्या हिश्शाच्याही आधी फिरायचं. शिवाय 30 मीटरवर दाब चौपट, म्हणजे हवाही चौपट वेगाने संपते.

माझ्या मते सर्वांत घातक चूक पायांची. समुद्रातल्यासारखे फिन (पायातली वल्ही) वरखाली मारले की तळाचा गाळ उठतो आणि टॉर्च समोर धरूनही स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून बेडकासारखे पाय मारायला शिकतात, तेही महिनोन् महिने. उघड्या पाण्यापासून आतपर्यंत अखंड दोरी हवी. गाळ उठलाच तर थांबा, अंगठा आणि तर्जनीचं कडं दोरीभोवती धरा आणि बाहेरची दिशा दाखवणारे बाण चाचपत निघा. दोरीच सुटली असेल तर शोधत भटकू नका; जवळच्या दगडाला दोरीचं सुटं रील बांधा आणि त्याच्या आधाराने चाचपा. डोळ्यांवर पट्टी बांधून हा सराव करून घेतात. तो कंटाळवाणा वाटेल, पण टाळू नका.

टॉर्च तीन. एक मुख्य, दोन राखीव. यावर वाद नको.

खाणीचं आणखी वेगळं. फिनलंडमधल्या ओयामोसारख्या बुडालेल्या चुनखडीच्या खाणीत पाणी बर्फासारखं गार असतं. खाणीत प्रवाह नसल्याने उठलेला गाळ वाहून जात नाही. कुजलेली लाकडं, गंजलेलं लोखंड, लोंबणाऱ्या तारा असतात. तुमचेच बुडबुडे छताला लागून वरची माती खाली येते. आणि छताशी हवेचा कप्पा दिसला म्हणून तोंडातला रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं साधन) काढू नका. तिथे ऑक्सिजन किती उरलाय हे डोळ्यांना कळत नाही.