आगीच्या सेन्सरसाठी कंपनीने गाडी परत बोलावली तर

बस परत बोलावल्याचं कंपनीचं पत्र माझ्या नावाने आलंच नाही. आमच्या तीन स्लीपर गाड्या नागपूर–पुणे चालतात, त्यातली एक आम्ही अमरावतीच्या मालकाकडून जुनी घेतलेली. नोटीस त्यांच्या पत्त्यावर गेली आणि पंधरा दिवसांनी त्यांनी लिफाफ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, "वहिनी, हे तुमच्या गाडीचं दिसते." ते पंधरा दिवस गाडी रोज रात्री माणसं भरून धावत होती.

म्हणून पहिलं सांगणं जुनी गाडी घेणाऱ्यांना. गिरीपेठेत आरटीओमध्ये नाव चढलं म्हणजे कंपनीला कळलं, असं होत नाही. सर्व्हिस सेंटरला स्वतःहून चेसिस नंबर द्या आणि आपला फोन नंबर लिहवून घ्या. चेसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. तो आरसीच्या झेरॉक्सवरून वाचू नका. मी वाचला, ८ च्या जागी बी सांगितला, काउंटरवरचा मुलगा म्हणाला तुमची गाडी यादीत नाही, आणि मी खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने चेसिसवर ठोकलेल्या नंबरचा फोटो पाठवला तेव्हा चूक कळली.

आपल्याकडे बऱ्याच बसची चेसिस, म्हणजे इंजिनासकट खालचा सांगाडा, एकाची आणि बॉडी दुसऱ्याची असते. त्यामुळे चेसिसवाला बॉडी बिल्डरकडे बोट दाखवतो, बॉडी बिल्डर सेन्सरवाल्याकडे. पत्र कोणी पाठवलंय ते बघा आणि त्यालाच धरा. तसंच पत्र कोणत्या यंत्रणेचं आहे तेही नीट वाचा. इंजिनाच्या खणातली आग ओळखून विझवणारी यंत्रणा वेगळी आणि पॅसेंजर बसतात तिथला फायर अलार्म वेगळा. हा दुसरा लांब पल्ल्याच्या आणि शाळेच्या नव्या बसना २०२२ च्या जानेवारीतल्या अधिसूचनेने आला. दोन्हींचे सेन्सर, वायरी, पॅनल वेगळे. आमचं पत्र इंजिनाचं होतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने गाड्या परत बोलावण्याचं कलम ११०अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि ते सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना आहेत. दोष कंपनीचा, तर दुरुस्तीचा खर्चही कंपनीचा. मजुरी म्हणून कोणी पैसे मागितले तर आधी पावती मागा, मागणी बहुधा तिथेच विरते. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर तिला दंड होत नाही. पत्र आलं म्हणून चिडण्यात अर्थ नाही, गप्प बसणाऱ्या कंपनीपेक्षा ही बरी.

आता दोष काय होता ते सांगते, कारण तो कळल्याशिवाय मेकॅनिकने काय केलं हे कळत नाही. आमच्या गाडीत मागच्या इंजिनावरून एक बारीक प्लॅस्टिकची नळी फिरवलेली आहे, आत दाब भरलेला. आग लागली की जिथे झळ जास्त तिथे नळी फुटते, दाब उतरतो, आग विझवणारा सिलिंडर सुटतो आणि ड्रायव्हरसमोर लाल दिवा लागून बजर वाजतो. दाब उतरला हे दिव्याला सांगणारा छोटा स्विच असतो, तोच खराब निघाला होता. असा स्विच दोन तऱ्हांनी बिघडतो. एक तर काही नसताना बोंबलतो, नाही तर आग लागली तरी गप्प राहतो.

आमचा बोंबलत होता. मे महिन्यात, नागपूरचा पारा ४५ च्या वर, ड्रायव्हरचा रात्री फोन: "वहिनी, बजर उगाच वाजून राहिला, पॅसेंजर उठून बसून राहिले." आणि मी, तीन गाड्यांची मालकीण, काय म्हणाले? "मग काढ ना त्याची वायर."

पुढे वाडीच्या गॅरेजमध्ये डॅशबोर्ड उघडला तेव्हा मी तिथेच उभी होते. बजरभोवती स्लीपरच्या चादरीचा तुकडा, त्यावर काळ्या टेपचे दोन वेढे. वायर कापलेली, टोकाला खर्र्याची पन्नी गुंडाळलेली. मी वायरीचं बोलले नसते तर कंपनीच्या माणसाने मागे स्विच बदलला असता, कागदावर सही घेतली असती आणि पुढे बजर तसाच मेलेला राहिला असता. म्हणून गाडी नेण्याआधी ड्रायव्हर-क्लीनरला समोर बसवा, चहा पाजा आणि विचारा, कुठली वायर काढली, कुठला फ्यूज उडवला. पगार कापणार नाही हे आधीच सांगा, नाही तर कोणी तोंड उघडत नाही.

पार्ट येईपर्यंत काय? पत्रात गाडी चालवू नका लिहिलं असेल तर उभी करा. परवडत नाही हे मला सांगू नका, हप्ता मीही भरते. चालवायची मुभा असेल तर निदान एवढं करा. ऑइल किंवा डिझेल कुठे पाझरत असेल तर आजच बंद करा, कारण टर्बो आणि सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर पडलेलं डिझेल पेटायला ठिणगी लागत नाही. स्टार्टरची जाड केबल पत्र्याला घासते का ते बघा. इंजिनाजवळच्या डिक्कीत पार्सल घेऊ नका. गणेशपेठेतून रात्री निघताना शेवटच्या क्षणी येणारे खोके बहुतेक याच डिक्कीत जातात, आणि खोक्यात काय आहे ते घेणाऱ्यालाही माहीत नसतं. मागच्या आपत्कालीन दारासमोर गादी, बॅगा काही नको, आणि ते दार रोज एकदा उघडून बघा. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, २५ माणसं गेली. ती आधी उलटली, तो प्रकार वेगळा. पण तेव्हापासून आमच्या बुकिंगवर लोक एसीच्या आधी दाराचं विचारतात.

क्लीनरला रात्री झोपू देऊ नका. मागून जळका वास किंवा धूर आला तर क्रम असा: गाडी कडेला, हँडब्रेक, इंजिन बंद, दार उघडं, माणसं खाली, बॅटरीचा मेन स्विच बंद, ११२ ला फोन. इंजिनाचं झाकण सताड उघडायचं नाही, हवा मिळाली की भडका उठतो. फटीतून अग्निशामक मारायचा, तोही माणसं उतरल्यावरच.

आणि सेन्सर चालतो का ते लायटरने बघू नका. आमच्या ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनने बघितलं. नळी फुटली, अख्खा सिलिंडर इंजिनावर रिकामा झाला, आणि ते भरून आणायचे पैसे कंपनीने का द्यावेत, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी पार्ट खरंच आला आहे का ते मेसेजवर विचारा, तोंडी नको. सकाळी जा आणि तिथेच थांबा. जॉब कार्डवर पत्राचा क्रमांक, चेसिस नंबर, जुन्या आणि नव्या पार्टचा नंबर आणि तारीख असल्याशिवाय सही करू नका. सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते स्वतः बघा. मग सिलिंडर सुटू नये म्हणून त्याची जोडणी काढून त्यांनाच टेस्ट करायला लावा, तुम्ही मात्र ड्रायव्हरच्या सीटवर बसा. दिवा दिसला पाहिजे आणि बजर इंजिन चालू असतानाही ऐकू आला पाहिजे. टेस्ट झाल्यावर ती जोडणी परत लावताना मागे जाऊन उभे राहा. घाईत तीच राहते.

नंतर धुलाईवाल्यालाही सांगा, इंजिनाच्या खणात प्रेशरचं पाणी स्विचवर आणि जोडण्यांवर मारू नको. आमच्या दुसऱ्या गाडीचा दिवा त्यानेच लागला होता.

स्विच कंपनीने फुकट बदलून दिला. बजर आणि त्याच्या वायरिंगचे पैसे आम्ही भरले. ती वायर माझ्याच सांगण्यावरून कापली होती.