वाढायचे आपण, किती खायचे ते मुलाने ठरवायचे

जन्मतः सुमारे 3 किलोचे बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत साधारण 9 किलोचे होते, पण पुढच्या संपूर्ण वर्षात त्याचे वजन जेमतेम 2 ते अडीच किलोच वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते, आणि ‘आधी सगळे खायचा, आता तोंडच उघडत नाही’ ही सांगली-मिरजेच्या घराघरांतली तक्रार नेमकी याच वयात सुरू होते.

म्हणून काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे मुलावर सोडावे. आजीला हे पटायला वेळ लागतो, कारण दोन घासांवर उठलेले नातवंड तिला उपाशीच वाटते. अशा वेळी एका जेवणाचा नव्हे, तर आठवड्याच्या खाण्याचा हिशेब तिच्यासमोर मांडावा.

दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचे अंतर ठेवून मधल्या वेळेत फक्त पाणी द्यावे. वरचे दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत असावे, कारण दुधाने पोट भरलेले मूल भाकरी-आमटीकडे वळत नाही, आणि दुधात लोह फारच कमी असल्याने अंगातले रक्त कमी होण्याचा धोका वाढतो. चहात बुडवलेले बिस्किट बंदच करावे. चहामुळे अन्नातले लोह अंगी नीट लागत नाही.

आमटीत तिखट घालण्याआधी मुलापुरती बाजूला काढून तीत भाकरी कुस्करावी. नवी भाजी आवडायला कधी कधी दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, तेव्हा आग्रह न करता ती चमचाभरच वाढावी आणि आपणही त्याच्यासमोर खावी. मोबाईल दूर ठेवावा आणि अर्ध्या तासानंतर, काही उरले असले तरी, न रागावता ताट उचलावे.

सर्वाधिक काळजी आपल्या भागात ज्यांची रेलचेल आहे, त्याच पदार्थांची घ्यावी. तासगावची द्राक्षे गोल आणि गुळगुळीत असल्याने अख्खी दिल्यास श्वासनलिकेत अडकू शकतात. ती उभी चिरून चार फोडी कराव्यात. बेदाणे भिजवून बारीक चिरावेत. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत देऊच नयेत, त्यांचा बारीक कूट भाजीत घालावा. मूल रडत किंवा पळत असताना घास भरवू नये.

अंगणवाडीत दरमहा वजन करून घ्यावे, आणि ते दोन-तीन महिने वाढले नाही किंवा गिळताना मूल वारंवार ठसकत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.